जाड जॉबला सोर्स कोणता लावायचा

मी रेडिओग्राफर, म्हणजे वेल्डमधून किरण पाठवून आतले दोष फिल्मवर बघणारा. बडोद्यातल्या मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) एखाद्या फॅब्रिकेशन शॉपमधून फोन येतो आणि पहिलंच वाक्य असतं, "काका, जॉब जाड आहे, कोबाल्ट लागेल ना?" कोबाल्ट, इरिडियम, सेलेनियम हे आमचे सोर्स, म्हणजे किरण देणारे किरणोत्सारी पदार्थ. मी लगेच हो म्हणत नाही. जाडी किती मिमी, ड्रॉइंगवर कोड (तपासणीची नियमावली) कोणता, जॉब कुठे उभा आहे आणि शेलच्या, म्हणजे टाकीच्या गोल अंगाच्या, आत जाता येतं का, एवढं कळल्याशिवाय सोर्सचं नाव घ्यायचंच नाही. कलाभवनातून डिप्लोमा करून माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांनाही मी सुरुवात इथूनच करायला लावतो.

किरण आरपार गेले म्हणजे काम झालं असं नाही, फिल्मवर दोष उमटला पाहिजे. इरिडियम-१९२ चे मुख्य किरण साधारण ०.३ ते ०.६ एमईव्हीचे (एमईव्ही हे किरणांच्या ऊर्जेचं माप), कोबाल्ट-६० चे १.१७ आणि १.३३ चे. ऊर्जा वाढत गेली की जाडीतल्या बारीक फरकाने फिल्मवर पडणारा फरकही कमी होत जातो. पंचवीस-तीस मिमीच्या वेल्डवर कोबाल्ट लावला तर शॉट (एक्सपोजर) झटकन होतो, पण फिल्म सपाट करडी येते आणि बारीकसं लॅक ऑफ फ्यूजन (वेल्ड कडेला नीट न जुळल्याचा दोष) त्या करड्या रंगात बुडून जातं. म्हणून ज्या कमीत कमी ऊर्जेत, परवडेल एवढ्या वेळात काम होतं, तीच ऊर्जा घ्यायची.

वेल्डच्या रेडिओग्राफीचं मानक आयएसओ १७६३६-१, त्यातले पोलादाच्या जाडीचे पल्ले पाठच असावेत. क्लास ए (साधी तपासणी) मध्ये सेलेनियम-७५ ला १० ते ४० मिमी, इरिडियमला २० ते १००, कोबाल्टला ४० ते २००. क्लास बी (जास्त काटेकोर) मध्ये इरिडियम ९० वर थांबतो आणि कोबाल्ट ६० ते १५० मध्येच चालतो. एएसएमई या अमेरिकन कोडचा सेक्शन ५ असा पल्ला बांधून देत नाही. डेन्सिटी (फिल्मचा काळेपणा) बसली आणि पेनीची (फिल्मचा दर्जा तपासायला जॉबवर ठेवायच्या पट्टीची) ठरलेली तार किंवा होल दिसलं की त्याला पुरतं. आमच्याकडचं प्रेशर व्हेसलचं काम बहुतेक एएसएमईवर चालतं, म्हणजे मोकळीक जास्त, आणि निर्णय चुकला तर तो रेडिओग्राफरचाच. माझा स्वतःचा हिशेब असा: सत्तर मिमीपर्यंत बारीक दाण्याची फिल्म घेऊन इरिडियम, सत्तर ते नव्वदमध्ये जॉब बघून, त्यापुढे कोबाल्ट.

एक जॉब घेऊ. ११० मिमी जाडीचा शेल, सर्कमफरन्शियल सीम (शेलभोवती गोल फिरणारा वेल्ड). इरिडियमची पोलादातली हाफ व्हॅल्यू लेयर, म्हणजे किरण निम्मे करणारी जाडी, सुमारे १३ मिमी, कोबाल्टची २१ च्या आसपास. इरिडियमचे किरण साडेआठ वेळा निम्मे होतात, म्हणजे साधारण साडेतीनशेतला एक भाग पलीकडे पोचतो. कोबाल्टचे सव्वापाच वेळा, म्हणजे अडतीसातला एक. त्यात एक क्युरी (सोर्सच्या ताकदीचं माप) कोबाल्ट एक मीटरवर तासाला सुमारे १.३ राँटजेन (किरणांच्या माऱ्याचं माप) देतो, इरिडियम अर्ध्या राँटजेनच्या जवळपास. दोन्ही गुणलं तर तेवढ्याच क्युरीत चोवीस-पंचवीसपट फरक पडतो. स्कॅटरमुळे (किरण इकडेतिकडे विखुरल्याने) प्रत्यक्ष आकडा हलतो, तेव्हा एक्सपोजर चार्ट आणि ट्रायल शॉट हवाच. पण इरिडियमने हा जॉब करायचा म्हणजे रात्र पुरणार नाही, हे कागदावरच कळतं. शिवाय इरिडियम ७४ दिवसांत निम्मा होतो. ४० क्युरीचा आणला आणि पाच महिने गेले तर हातात दहाच उरतात. कोबाल्टला निम्मं व्हायला ५.२७ वर्षं लागतात, महिन्याला जेमतेम एक टक्का घट.

आता धूसरपणा, म्हणजे सोर्सला आकार असल्याने फिल्मवर दोषाची कड जेवढी पसरते तेवढी रुंदी. कोबाल्टचा सोर्स ४ मिमीचा आणि सोर्सकडच्या पृष्ठभागापासून फिल्म ११५ मिमीवर धरा. सोर्स जॉबपासून ३०० मिमीवर ठेवला तर ४ गुणिले ११५ भागिले ३००, म्हणजे १.५३ मिमी. १०० मिमीच्या वर एएसएमईची मर्यादा १.७८, तेव्हा नियमाने पास. तरी मी ६०० वर जातो. धूसरपणा ०.७७ वर येतो, वेळ मात्र जवळपास तिप्पट लागतो. शेल दोन मीटर व्यासाचा असेल तर हा प्रश्नच उरत नाही: सोर्स बरोबर मध्यभागी धरायचा, बाहेरून सगळीकडे फिल्म लावायच्या, एका एक्सपोजरमध्ये अख्खी सीम.

कोबाल्ट ठरला तरी जागेचा प्रश्न राहतोच. इरिडियमचा कॅमेरा (सोर्स सुरक्षित ठेवायची जड पेटी) वीस-पंचवीस किलोचा, कोबाल्टचा शेकडो किलोंचा. सोर्स दुसऱ्या जागी न्यायचा तर एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) परवानगी आधी हवी. ५० क्युरी कोबाल्ट उघडा असताना, मध्ये काहीच आडोसा नसेल, तर शंभर मीटरवरही तासाला ६५ मायक्रोसीव्हर्टच्या आसपास डोस मिळतो. मकरपुऱ्यात शंभर मीटरच्या आत शेजारच्या शेडमध्ये दुसऱ्याची माणसं काम करत असतात, पलीकडे चहाची टपरी असते. त्यांच्यापैकी कुणालाही आपल्या कामाची किंमत मोजावी लागता कामा नये. म्हणून कोबाल्टचं काम मी मंजूर एन्क्लोजरमध्येच (जाड भिंतींच्या बंदिस्त खोलीत) घेतो. काँक्रीटमध्ये डोस दहापट कमी करायला इरिडियमला साधारण १५ सेंमी भिंत लागते, कोबाल्टला २१. इरिडियमसाठी बांधलेली खोली कोबाल्टला चालेल असं कुणी म्हणालं तर आरएसओकडून (किरणसुरक्षा अधिकाऱ्याकडून) हिशेब लिहून घ्या. आणि प्रत्येक शॉटनंतर किरण मोजणारा सर्व्हे मीटर हातात घेऊनच कॅमेऱ्याकडे जायचं, कितीही घाई असो.

फिल्म फिकी किंवा धुरकट आली की पोरं आधी सोर्सला दोष देतात. फिल्मच्या कॅसेटच्या मागे शिशाचं 'बी' अक्षर लावलेलं असतं, ते बघा. गडद पार्श्वभूमीवर ते फिकं उमटलं असेल तर मागून स्कॅटर येतोय. मागे शिसं वाढवा. मग डार्करूममध्ये जा. मे महिन्यात बडोद्यात टाकीचं पाणी तिशीच्या वर जातं आणि डेव्हलपर २० अंशांवर हवा असतो. चिलर बंद असेल तर कुठल्याही सोर्सने चांगली फिल्म येणार नाही.

१५० मिमीच्या पुढे, आणि जाड जॉब रोजचेच असतील तर, लिनॅकचा (विजेवर चालणाऱ्या, जास्त ऊर्जेचे एक्स-रे देणाऱ्या मशीनचा) विचार करावा. एमईव्हीतले एक्स-रे, लहान फोकल स्पॉट (जिथून एक्स-रे निघतात तो ठिपका), स्विच बंद केला की किरणं बंद, संपलेला सोर्स परत पाठवायची कटकट नाही. खर्च मशीनइतकाच खोलीचा असतो, आणि जॉब मशीनकडे आणावा लागतो.

एवढ्या जाडीत रेडिओग्राफीची एक मर्यादा ग्राहकाला ऑर्डर घेतानाच सांगा. चीर किरणांच्या रेषेत नसेल, थोडी तिरपी आणि घट्ट मिटलेली असेल, तर कोबाल्ट असो की लिनॅक, ती फिल्मवर दिसेलच असं नाही. अशा सीमला टोफ्ड किंवा फेज्ड ॲरे या अल्ट्रासॉनिक तपासण्याही लावा, असं मी कोटेशनमध्येच लिहितो. त्यात माझं काम कमी झालं तरी चालेल.