सीबीडी शरीरात कसे काम करते आणि ते कसे घ्यावे

भांगेच्या झाडातून मिळणाऱ्या सीबीडीच्या तेलाची बाटली घरी आणण्यापूर्वी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी, ती म्हणजे हे औषध आहे आणि पोटात आधीपासून जाणाऱ्या इतर औषधांच्या कामात ते हस्तक्षेप करते. थेंब किती घ्यायचे हा प्रश्न त्यानंतरचा.

भांगेच्या झाडात शंभराहून अधिक कॅनाबिनॉइड द्रव्ये असतात. त्यांपैकी टीएचसी मेंदूतील सीबी-१ या रिसेप्टरला, म्हणजे पेशीवरील संदेश स्वीकारणाऱ्या जागेला, थेट चिकटते आणि त्यामुळे नशा चढते. सीबीडी म्हणजे कॅनाबिडिऑल मात्र त्या जागी नीट बसतच नाही, म्हणून त्याची नशा होत नाही. आपले शरीर स्वतःही अशी द्रव्ये तयार करते; त्यांतील आनंदामाइड १९९२ मध्ये सापडले. सीबीडीचे काम या व्यवस्थेच्या कडेकडेने आणि बाहेरही चालते. ते सेरोटोनिनच्या एका रिसेप्टरवर परिणाम करते, तसेच टीआरपीव्ही-१ या रिसेप्टरवरही करते. तांबड्या रश्शाच्या तिखटाने जीभ पोळते ती याच टीआरपीव्ही-१ मुळे, आणि वेदनेची जाणीव मेंदूकडे नेण्यातही त्याचा वाटा असतो. प्रयोगशाळेतील या निष्कर्षांवरून गुडघेदुखी थांबेल असे म्हणणे मात्र घाईचे ठरेल. भक्कम पुरावा आहे तो लहानपणी सुरू होणाऱ्या, औषधांना दाद न देणाऱ्या काही अपस्मारांत (फिटच्या आजारांत). ड्रॅव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टो या विकारांसाठी अमेरिकेत २०१८ मध्ये शुद्ध सीबीडीच्या औषधाला मान्यता मिळाली. दुखणे, झोप आणि चिंता यांबाबतचा पुरावा अजून तोकडा आहे.

पहिले काम लेबल वाचण्याचे. किराणा दुकानात किंवा ऑनलाइन मिळणारे हेम्पच्या, म्हणजे भांगेच्याच झाडाच्या, बियांचे तेल हे खाद्यतेल आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये बी, तेल व पीठ यांना अन्न म्हणून परवानगी दिली, पण बियांत सीबीडी जवळजवळ नसतेच, त्यामुळे ते सीबीडी समजून घेणाऱ्याचे पैसे वाया जातात. औषध म्हणून मिळते ते बहुधा भांगेच्या पानांपासून काढलेला, ‘विजया’ नावाचा आयुर्वेदिक अर्क. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील गांजाच्या व्याख्येत फुलोऱ्याचे शेंडे येतात, त्यांच्यापासून वेगळी काढलेली पाने व बिया येत नाहीत. तरीही महाराष्ट्रात भांगेवर १९४९ च्या दारूबंदी कायद्याची बंधने आहेत. म्हणून परवाना क्रमांक छापलेली बाटलीच घ्यावी, वैद्यांची चिठ्ठी आणि बिल सोबत ठेवावे, आणि लेबलवर सीबीडी व टीएचसी यांचे प्रमाण मिलिग्रॅममध्ये वेगवेगळे दिले नसेल तर ती बाटली परत ठेवावी.

दुसरे काम सर्वांत महत्त्वाचे आणि नेमके तेच टाळले जाते. सध्या चालू असलेल्या सर्व गोळ्यांची यादी करून ती डॉक्टरांना दाखवावी. सीबीडीचे विघटन यकृतात ज्या एन्झाइमांकडून होते, त्यांच्याकडेच इतर कितीतरी औषधेही जातात, आणि सीबीडी त्यांतील काहींचा वेग मंदावते. परिणामी रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनचा परिणाम वाढून रक्तस्रावाचा धोका निर्माण होऊ शकतो, मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतरच्या टॅक्रोलिमसचे रक्तातील प्रमाण वाढू शकते, आणि क्लोबाझाम हे फिटचे औषध घेणाऱ्याला फार गुंगी येऊ शकते. व्हॅलप्रोएट हे फिटचे दुसरे औषध चालू असेल तर यकृताला इजा होण्याची शक्यता वाढते. अशा वेळी सुरुवातीपूर्वी आणि नंतरही यकृतासाठीची एसजीपीटी ही रक्ततपासणी करून घ्यावी. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी सीबीडी घेऊच नये. सीबीडी सुरू केले म्हणून फिटची गोळी स्वतःहून बंद करणे तर धोक्याचेच.

मग हिशेब. ३० मिलिलिटरच्या बाटलीत १५०० मिलिग्रॅम सीबीडी असेल तर एका मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम होतात; एका मिलिलिटरचे सुमारे २० थेंब धरले तर एका थेंबात अडीच मिलिग्रॅम. ड्रॉपरगणिक थेंब लहानमोठा होतो, तेव्हा एकदा स्वतः मोजून पाहावे. ब्रिटनच्या अन्न नियामकाने २०२३ मध्ये निरोगी प्रौढांना अन्नातून दिवसाला १० मिलिग्रॅमची मर्यादा सुचवली, तर अपस्मारात ६० किलो वजनाच्या रुग्णाला दिवसाला ६०० मिलिग्रॅम किंवा त्याहूनही अधिक मात्रा दिली जाते. ही तफावत पाहता ‘सर्वांना पाच थेंब’ या विक्रेत्याच्या सल्ल्याला काही अर्थ उरत नाही. वैद्यकीय सल्ल्याने ५ ते १० मिलिग्रॅमपासून सुरुवात करून हळूहळू वाढवावे, कारण नियमित घेतल्यास ते शरीरात साठत जाते आणि आज वाढवलेल्या मात्रेचा पूर्ण परिणाम दिसायला काही दिवस जातात.

घेण्याची वेळ आणि सोबतचे अन्न रोज सारखेच असावे. तोंडावाटे घेतलेल्या सीबीडीचा फारच थोडा भाग रक्तात पोचतो, पण स्निग्ध जेवणाबरोबर ते प्रमाण चार ते पाच पटीने वाढू शकते. एके दिवशी उपाशीपोटी आणि दुसऱ्या दिवशी कोल्हापुरातल्या गंगावेशीच्या कट्ट्यावरच्या म्हशीच्या दुधाबरोबर तेवढेच थेंब घेतले, तर कागदावर मात्रा तीच, पण शरीराला मिळालेली वेगळी. रात्रीच्या जेवणानंतर घेणे सोयीचे, शिवाय झोप आली तरी गैरसोय होत नाही. पहिले काही दिवस दुचाकी चालवू नये. जुलाब, भूक मंदावणे आणि गुंगी हे नेहमीचे दुष्परिणाम आहेत. डोळे पिवळे किंवा लघवी गडद दिसू लागली तर लगेच थांबून डॉक्टरांकडे जावे. रोजची मात्रा, झोप आणि दुखण्याची तीव्रता वहीत लिहावी. महिन्याभरात वहीत फरक दिसला नाही, तर बाटली संपेपर्यंत रेटण्याची गरज नाही.

तालमीतल्या पैलवानांसाठी वेगळा इशारा आवश्यक आहे. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने सीबीडी २०१८ पासून बंदीच्या यादीतून काढले, पण टीएचसीसह इतर कॅनाबिनॉइड स्पर्धाकाळात निषिद्धच आहेत. विजया अर्कात टीएचसी असू शकते आणि लघवीच्या चाचणीत ते सापडले तर जबाबदारी पैलवानाचीच धरली जाते, बाटलीवर काहीही छापलेले असो. उत्तेजक चाचणी होणाऱ्या स्पर्धेत उतरणार असाल तर हे तेल घेऊ नये.