ॲक्रेलिक शीट न तडकवता कापायची कशी, नवीन मुलांसाठी

बोर्ड, डिस्प्लेच्या कामात नवीन आलेल्यांना पहिली धास्ती ॲक्रेलिकची, म्हणजे काचेसारख्या दिसणाऱ्या कडक प्लास्टिकचीच असते, कारण लाकूड थोडं चुकलं तर तासून घेता येतं पण हे एकदा तडकलं की तडा पुढे पळतच जातो. बरीच वर्षं हेच काम करतोय त्यावरून सांगतो, मशीन भारीतलं असण्यापेक्षा शीटला खालून आधार नीट आहे का हे जास्त महत्त्वाचं. शीट अधांतरी राहून थरथरली की ब्लेड तिला कापत नाही, ठोकतं, आणि तडा तिथूनच जातो.

३ मिमीपर्यंतची शीट आणि सरळ कट असेल तर मशीन काढूच नका. स्टीलची पट्टी क्लॅम्पने घट्ट बसवा आणि ॲक्रेलिक कटर (आकड्यासारख्या टोकाचा, चर पाडणारा चाकू) त्याच रेषेवर आठ-दहा वेळा ओढा, पहिले एक-दोन हात हलके कारण तेव्हाच कटर घसरतो, मग जोर वाढवा. टोकाला धार असेल तर बारीक वळलेला कीस निघतो, नुसती पावडर येत असेल तर ब्लेड बदला. चर जाडीच्या साधारण एक तृतीयांश खोल हवा आणि दोन्ही टोकांना पार कडेपर्यंत गेलेला हवा, बरेच जण कडेचा थोडा भाग सोडतात आणि नेमका तोच वाकडा तुटतो. आता चर वरच्या बाजूला ठेवून टेबलाच्या कडेशी जुळवा, आतला भाग पट्टीने दाबून धरा आणि बाहेरचा एका झटक्यात खाली दाबा. हळूहळू वाकवत बसू नका.

जाड शीटला सॉ, म्हणजे मशीनची करवत, लागतोच आणि तिथे खरा शत्रू उष्णता. साधारण १०० अंश सेल्सियसच्या आसपास ॲक्रेलिक मऊ पडतं, मग भुसा वितळून ब्लेडला चिकटतो, कधी तर कापलेली फट मागे परत जुळून येते. जिगसॉला (वर-खाली चालणाऱ्या अरुंद ब्लेडचा सॉ) बारीक दात, पेंड्युलम म्हणजे ब्लेडचं पुढे-मागे झुलणं बंद, स्पीड मध्यम, आणि खाली फालतू प्लायवूड. सर्क्युलर सॉला कार्बाइडचं जास्त दातांचं ब्लेड. पुढे ढकलायचा वेग एकसारखा ठेवा, मध्येच थांबलात तर त्याच जागी वितळणार. संरक्षक फिल्म काम संपेपर्यंत काढायची नाही. गॉगल तर हवाच, तुकडे उडतात आणि चांगले धारदार असतात.

आतला काटकोन कापायचा असेल तर कोपऱ्यात आधी गोल भोक पाडा आणि कट तिथे आणून थांबवा. टोकदार कोपऱ्यात ताण साठतो, शीट आज तडकली नाही तरी बसवल्यावर तडकते. ड्रिलचंही तसंच, साधा बिट आरपार निघताना शीटला चावतो, त्यामुळे प्लास्टिकसाठीचा बिट घ्या, खाली लाकूड दाबून धरा आणि शेवटी जोर अगदी कमी करा. स्क्रूचं भोक स्क्रूपेक्षा थोडं मोठंच ठेवा, ॲक्रेलिक उन्हात चांगलंच फुगतं, १ मीटरच्या शीटला ३० अंश फरक पडला तर साधारण २ मिमी.

आणि कापलेल्या कडा थिनर किंवा स्पिरिटने पुसू नका प्लीज. कापताना कडेत ताण राहिलेला असतो, सॉल्व्हंट लागला की तिथे केसासारख्या बारीक भेगा पडतात, कधी लगेच तर कधी काही वेळाने, आणि त्या पॉलिश करूनही जात नाहीत. साबणाचं पाणी आणि मऊ कापड एवढंच वापरा.