सार्वजनिक स्वच्छतागृह बंद पडू नये म्हणून

स्वच्छतागृहाला कुलूप दिसले की लगेच तक्रार करण्याऐवजी आधी आठवडाभर दिवसातून तीन वेळा तेथे जाऊन ते कधी उघडे असते, नळाला पाणी येते का, आतली कडी लागते का, दिवा लागतो का, याची तारखेनिशी नोंद करावी. अनेकदा मूळ कारण क्षुल्लक असते: टाकीतला फ्लोट व्हॉल्व्ह (टाकी भरली की पाणी थांबवणारी तरंगत्या गोळ्याची झडप) गळतो, पाणी वाहून संपते, दुर्गंधी सुटते आणि शेवटी दाराला कुलूप लागते.

ही नोंद व छायाचित्रे जोडून देखभाल करणाऱ्या यंत्रणेकडे लेखी अर्ज करावा आणि त्याची पोच अवश्य घ्यावी. किल्ली एकाच माणसाकडे नसावी. सफाई कामगाराला हातमोजे व वेळेवर वेतन मिळते का, हेही विचारावे, कारण सारे त्याच्यावरच अवलंबून असते. ब्लीच आणि ॲसिड एकत्र केल्यास विषारी क्लोरीन वायू तयार होतो, हे त्याला आवर्जून सांगावे.

स्वच्छतागृह उघडे ठेवण्याची वेळ कमी करण्याचा प्रस्ताव आल्यास मधुमेही, गर्भवती आणि वृद्ध यांना बैठकीत स्वतः बोलू द्यावे. दुरुस्तीच्या काळात जवळच्या दुकानदारांकडून पर्यायी सोय मिळवून तिचा फलक दारावर लावावा.