चाळीस सर्व्हरवर नवी आवृत्ती चढवण्याआधी

अपडेट सोडायची कमांड एका ओळीची असते आणि क्युबरनेटीस (अनेक सर्व्हरवर कंटेनर, म्हणजे प्रोग्रॅमचे बंदिस्त डबे, चालवणारी यंत्रणा) ती निमूटपणे पाळतो. तयारी करायची ती जुनी आणि नवी आवृत्ती एकत्र नांदतात त्या अर्ध्या तासाची, आणि वेळ आलीच तर मागे फिरायच्या वाटेची.

आधी वार ठरवा. शुक्रवारी संध्याकाळी नको, हे सगळ्यांना पाठ आहे. पण पुण्यात गुरुवारही टाळलेला बरा. महावितरणची देखभालीची कामं बहुधा त्याच दिवशी निघतात, आणि निम्मी टीम घरून काम करत असेल तर कोथरूडमधला कुणाचा तरी राउटर ऐन वेळी मान टाकतो. पालखी मुक्कामी असते ते दिवस आणि अनंत चतुर्दशी तर कॅलेंडरवर लाल करूनच ठेवा. विसर्जन मिरवणूक हल्ली चोवीस तासांच्या पलीकडे जाते, पेठांतले रस्ते बंद असतात, आणि ऑन-कॉल (बिघाड झाला तर धावायची पाळी असलेला) माणूस नारायण पेठेत राहत असेल तर त्याने हिंजवडी गाठायची आशा सोडा. मध्यरात्रीचं अपडेटही मला पटत नाही. मंगळवारी सकाळी अकराला डेटाबेस कळणारा माणूस जागेवर असतो, आणि जागाही असतो.

इमेज, म्हणजे प्रोग्रॅमचं बांधून ठेवलेलं गाठोडं, कुठली जाणार हे नक्की करा. ‘लेटेस्ट’ टॅगवर (इमेजला चिकटवलेल्या नावावर) विसंबू नका. टॅग उद्या दुसऱ्याच इमेजकडे वळवता येतो, डायजेस्ट (इमेजच्या मजकुरावरूनच निघणारा ठसा) वळवता येत नाही, म्हणून मॅनिफेस्टमध्ये (काय चालवायचं ते क्युबरनेटीसला सांगणाऱ्या फाइलमध्ये) डायजेस्ट लिहा. कुणाच्या नव्या मॅकवर बिल्ड झाली असेल तर ती एआरएम प्रोसेसरसाठीची आहे का ते बघा, नाहीतर इंटेल सर्व्हरवर ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ म्हणत कंटेनर सुरूच होणार नाही. बेस इमेज (जिच्यावर आपली इमेज रचतात ती) डॉकर हब या सार्वजनिक साठ्यावरून थेट ओढत असाल तर लॉगिनशिवाय ओढण्यावर २०२० पासून मर्यादा आहे, आणि ती आयपी पत्त्यागणिक मोजली जाते. एकाच नॅटमागून, म्हणजे एकाच सामाईक आयपी पत्त्यावरून, बाहेर पडणारे चाळीस सर्व्हर तिच्या लेखी एकच गिऱ्हाईक. आपल्या रजिस्ट्रीत (इमेजच्या कोठारात) प्रत ठेवली की हा प्रश्न मिटतो.

आता हिशेब, आणि तो कागदावर करा. क्युबरनेटीसच्या रोलिंग अपडेटमध्ये (थोडे थोडे करत बदलण्यात) काही न सांगता २५ टक्के जादा पॉड, म्हणजे सेवेच्या चालू प्रती, उभे राहू शकतात आणि २५ टक्के गैरहजर चालतात. समजा, एका सेवेच्या आठ प्रती आहेत आणि प्रत्येकीचा पोस्टग्रे या डेटाबेसशी दहा कनेक्शनचा पूल (उघडी ठेवलेली कनेक्शनं) आहे. एरवी ८० कनेक्शन. अपडेट चालू असताना प्रती दहा होतात, म्हणजे १००. पोस्टग्रेची मूळ मर्यादा १००, त्यातली तीन सुपरयूजरसाठी राखीव. राहिली ९७. शेवटच्या नव्या पॉडला कनेक्शन मिळत नाही, तो तयार होत नाही आणि रोलआउट (हे सगळं चढवणं) अडकतो. शिवाय बंद होत असलेले पॉड या मोजणीत धरलेलेच नसतात, म्हणजे प्रत्यक्षात आकडा आणखी वर जातो. तेव्हा पूल लहान करा, मधे पीजीबाउन्सर (मोजकी कनेक्शनं वाटून देणारा मध्यस्थ) घाला किंवा जादा पॉडची मर्यादा एकावर आणा. काहीही करा, पण आदल्या दिवशी करा.

सगळ्यात जास्त वेळ पॉड बंद होण्यावर घालवा, कारण तिथेच ग्राहकाला लाल पाटी दिसते. दुपारी एकला शटर अर्धं ओढून आतल्या गिऱ्हाइकांचं उरकून देणारा पुणेरी दुकानदार आठवा. पॉडनेही तेच करायचं असतं. पॉडला आधी सिगटर्म (‘आवरा’ असा सिग्नल) येतो आणि एकूण ३० सेकंद मिळतात. त्यात आवरलं नाही तर सिगकिल, म्हणजे थेट मारणं. गोची अशी की डॉकरफाइलमध्ये (इमेज कशी बनवायची ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) शेवटची कमांड साध्या ओळीत लिहिली असेल तर कंटेनरमधली पहिली प्रोसेस पुष्कळदा शेल (कमांड चालवून देणारा प्रोग्रॅम) असते, तुमचा प्रोग्रॅम नव्हे, आणि शेल तो सिग्नल पुढे पोचवत नाही. प्रोग्रॅमला काही कळतच नाही, तीस सेकंदांनी तो थेट मारला जातो आणि हातातल्या विनंत्या अर्धवट राहतात. कमांड चौकटी कंसातल्या यादीच्या रूपात लिहा, की हे टळतं. तपासायलाही सोपं आहे: स्टेजिंगवर (चाचणीच्या सर्व्हरवर) एक पॉड काढून टाका आणि घड्याळ बघा. दर वेळी बरोबर तीस सेकंद लागत असतील तर सिग्नल पोचत नाही असं समजा. दुसरं, सिगटर्म येणं आणि ट्रॅफिकच्या यादीतून नाव निघणं ही कामं समांतर चालतात, त्यामुळे काही क्षण नव्या विनंत्या येतच राहतात. प्री-स्टॉपमध्ये (सिगटर्मच्या आधी चालणाऱ्या पायरीत) पाच-दहा सेकंद थांबायला सांगा. मात्र तो वेळही त्याच तीस सेकंदांतून वजा होतो.

रेडीनेस प्रोब (पॉडला ट्रॅफिक द्यायचं का ते ठरवणारी तपासणी) खरोखर तयारी तपासतो ना, एवढं बघा. लाइव्हनेसमध्ये (जी नापास झाली की पॉड रीस्टार्ट होतो त्या तपासणीत) डेटाबेसची तपासणी घालू नका, डेटाबेस जरा मंदावला की सगळे पॉड एकदम रीस्टार्ट व्हायला लागतात.

डेटाबेसचा आराखडा बदलणार असेल तर तो बदल जुन्या कोडलाही चालला पाहिजे. कॉलमचं नाव बदलायचंय? नवा कॉलम जोडा, कोड दोन्हींत लिहू द्या, जुना डेटा भरून घ्या, आणि जुना कॉलम पुढच्या एखाद्या रिलीजमध्ये काढा. एका फटक्यात नाव बदललंत तर अपडेट चालू असतानाच जुने पॉड कोलमडतात, आणि परतीची वाटही तिथेच बंद होते.

परतीची रंगीत तालीम स्टेजिंगवर एकदा कराच. रोलआउट अनडू (मागे फिरायची कमांड) पॉडचा साचा मागे नेतो, कॉन्फिगमॅप (पॉडबाहेर ठेवलेली सेटिंग) नेत नाही. सेटिंग बदललं असेल तर नव्या नावाचा कॉन्फिगमॅप बनवा, म्हणजे जुना पॉड जुन्याकडेच बोट दाखवेल. आणि रोलआउट अडकला की क्युबरनेटीस आपोआप मागे येतो, हा गैरसमज असेल तर काढून टाका. दहा मिनिटं प्रगती नसली की तो ‘फेल’ असा शेरा मारतो, बस्स. मागे फिरायचं माणसाने ठरवायचं, म्हणून ते कोण ठरवणार आणि चुकांचं प्रमाण किती झालं की ठरवणार, हे चॅटवर आधीच लिहून ठेवा. आकडा नसला की मीटिंग भरते.

सर्व्हर दोन ठिकाणी असतील, समजा अ‍ॅझ्युरच्या पुण्यातल्या सेंट्रल इंडियात आणि चेन्नईतल्या साउथ इंडियात, तर दोन्हीकडे एकाच दिवशी चढवू नका. आधी जिथे कमी ट्रॅफिक तिथे, तेही दोन-तीन पॉडपुरतं. मग संध्याकाळची गर्दी पाहून पुढे. त्या दिवशी सर्व्हरचं पॅचिंग, सर्टिफिकेट बदलणं असलं काही शेजारी ठेवू नका. बिघडलं तर कशाने, हे कळायला हवं.

आणि रजिस्ट्रीतल्या जुन्या इमेज पुसणारा जॉब रात्री चालत असेल तर तो आठवडाभर बंद ठेवा. अनडू मारल्यावर सर्व्हर जी इमेज मागणार आहेत, ती तिथे असली पाहिजे.