औषधाची मच्छरदाणी: लहान मुलासाठी कशी बांधावी, कशी धुवावी

महाराष्ट्रात हिवतापाचा मोठा भार गडचिरोलीवर. भामरागड, एटापल्ली, धानोरा या भागांत सरकारकडून औषधाच्या, म्हणजे डास मारणारं कीटकनाशक लावलेल्या, मच्छरदाण्या मिळतात. तरीही मूल तापाने फणफणलं की लोक म्हणतात, मच्छरदाणीचा उपयोग नाही. बहुतेक वेळा गोची बांधण्यात, धुण्यात किंवा आत शिरण्याच्या वेळेत असते.

उपयोग किती, याचं मोजमाप आफ्रिकेत झालं आहे. गांबिया, घाना, बुर्किना फासो, केनिया इथल्या चाचण्यांचा २००४ सालचा एकत्रित हिशेब सांगतो, की मच्छरदाणी नसलेल्या गावांच्या तुलनेत लहान मुलांचे एकूण मृत्यू सुमारे १७ टक्क्यांनी घटले आणि साध्या हिवतापाच्या खेपा जवळपास निम्म्या झाल्या. हे आकडे गडचिरोलीला जसेच्या तसे लावू नयेत. डासांच्या जाती आणि प्रसार वेगळा आहे. निम्म्या खेपा उरल्या, हेही विसरू नका. पश्चिम केनियात आणखी एक गोष्ट दिसली: मच्छरदाण्या वापरणाऱ्या गावांपासून सुमारे ३०० मीटरपर्यंतच्या, मच्छरदाणी नसलेल्या घरांतली मुलंही काही प्रमाणात बचावली. कारण जाळीवर बसलेला डास मरतो, शेजारच्या घरी जायला उरत नाही. म्हणून एका घरापेक्षा सगळ्या पाड्याने वापरणं महत्त्वाचं.

बांधणं

पाकीट फोडल्यावर मच्छरदाणी २४ तास सावलीत पसरून ठेवा. उन्हात नको, उन्हाने औषध लवकर उतरतं. पहिल्या दिवसांत डोळे चुरचुरणं किंवा चेहऱ्याला खाज येणं होऊ शकतं, ते बहुधा अशी हवा न दिल्यामुळे.

कोपऱ्यांच्या फाशांना सुतळी बांधून खुंटीला किंवा वाशाला ताणा. छत मधोमध लोंबून मुलाच्या अंगावर येता कामा नये. खालची कड गादीखाली, बाजेवर असेल तर अंथरुणाखाली, जमिनीवर असेल तर चटईखाली चारी बाजूंनी खोचा. कड जमिनीपासून बोटभर जरी वर राहिली, तरी डास तिथूनच आत येतो. बाजेच्या पट्ट्यांत किंवा भिंतीच्या बांबूत जाळी अडकून फाटते, ती जागा आधी पाहून ठेवा.

मूल मध्ये, मोठी माणसं कडेला. हातपाय जाळीला टेकले तर डास बाहेरूनच चावतो; जाळी जुनी, औषध उतरलेलं असेल तर नक्कीच. पाळण्यात किंवा झोळीत झोपणाऱ्या बाळाच्या वरूनही जाळी हवीच. बाळाला जाळी चोखू देऊ नका. चूल, चिमणी, मेणबत्ती जवळ नको. ठिणगी पडली की भोक.

वेळ

हिवतापाचे डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतात. मूल सात वाजता झोपतं आणि मच्छरदाणी दहाला सोडली जाते, ही सगळ्यात सामान्य चूक. दिवेलागणीलाच ती सोडा. उन्हाळ्यात अंगणात किंवा शेतात मचाणावर झोपायचं तर मच्छरदाणीही सोबत न्या.

धुणं

इथेच सगळं बिघडतं. साधारण २० धुण्यांपर्यंत किंवा तीन वर्षांपर्यंत औषध टिकेल, असा या मच्छरदाण्यांचा हिशेब असतो. दर आठवड्याला धुतली तर पाच महिन्यांत २० धुणी संपली! तीन महिन्यांतून एकदा पुरे.

बादलीत गार पाणी, अंगाचा साधा साबण. हलक्या हाताने खळबळा, दोनदा स्वच्छ पाण्यातून काढा. भिजत ठेवू नका, दगडावर आपटू नका. डिटर्जंट, ब्लीच नको. वाळवणं सावलीत. धुतलेलं पाणी विहिरीपासून लांब, मोकळ्या जमिनीवर ओता. नदीनाल्यात धुतलं तर औषधाने मासे मरतात.

भोकं

जास्त भोकं खालच्या अर्ध्या भागात, रोज खोचल्या जाणाऱ्या कडेच्या आसपास पडतात. अंगठ्याएवढं भोक त्याच दिवशी सुईदोऱ्याने शिवा. मुठीएवढ्याला जुन्या मच्छरदाणीचा तुकडा लावा. डोकं शिरेल अशी भोकं दोनचार झाली की आशाताईंकडे नवी मागा. वापरात असलेली चांगली जाळी मासे पकडायला किंवा कोंबड्या झाकायला देऊ नका.

डासांना औषधाची सवय झाली की फक्त पायरेथ्रॉइड हे नेहमीचं कीटकनाशक असलेल्या जुन्या मच्छरदाण्या कमी पडतात. म्हणून पीबीओ (त्या कीटकनाशकाचा जोर वाढवणारं रसायन) मिसळलेल्या, आणि २०२३ पासून क्लोरफेनापिर (वेगळ्या प्रकारचं कीटकनाशक) मिसळलेल्या मच्छरदाण्यांची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने अशा भागांसाठी केली आहे. तुमच्या हातात मात्र जी आहे, ती नीट वापरणं आहे.

मच्छरदाणीत झोपणाऱ्या मुलालाही ताप आला तर २४ तासांच्या आत आशाताई किंवा उपकेंद्रात रक्ताची तपासणी करा. झटके, वारंवार उलट्या, दूध न पिणं, सुस्ती किंवा काळपट लघवी दिसली तर तपासणीच्या निकालासाठी घरी थांबू नका, थेट रुग्णालय गाठा.