मगचा कान निखळू नये म्हणून

हाताने घडवलेल्या पहिल्या मगचा कान भट्टीतून सुटा निघाला की सगळे भट्टीला नावं ठेवतात. खरं तर तो आठवडाभर आधीच निखळलेला असतो, फळीवर सुकता सुकता. भट्टीतून काढताना तो फक्त दिसतो. म्हणून इथे लाटणं, कापणं, उभं करणं भराभर उरकलं आहे आणि कानापाशी थांबलो आहोत.

माती

मातीकामाच्या वर्गात मिळते तीच. परसातली लाल माती पिशवीत भरून आणू नका. जांभ्याच्या मातीत खडेच जास्त, चिकटपणा कमी. शंका असेल तर पेन्सिलीएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळून बघा. वळीला भेगा पडल्या तर तिच्यात मग होत नाही. गणपतीच्या कारखान्यातली शाडूही नको. ती विसर्जनात विरघळावी म्हणून कच्चीच वापरायची माती आहे, भट्टीत कशी वागेल याचा भरवसा नाही.

मातीला भरड हवी म्हणून किनाऱ्यावरची वाळू मिसळण्याचा सल्ला इथे हमखास ऐकायला मिळतो. तो सरळ सोडून द्या. त्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो. भाजल्यावर त्याचा कळीचा चुना होतो, तो हवेतलं पाणी पिऊन फुगतो आणि चांगल्या भाजलेल्या भांड्याची खपली काही दिवसांनी आपोआप उडते. खळगीत पांढरा ठिपका दिसला की समजावं, शिंपला होता. भरड हवीच असेल तर भाजलेली खापरं कुटून चाळून घ्या.

लाटणं आणि उभं करणं

मळलेली माती 600 ग्रॅम. मगला साडेचारशे पुरते, बाकी कातरण आणि स्लिप, म्हणजे सांधे जोडायचा मातीचा चिखल. दोन्ही बाजूंना 6 मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या ठेवून जुन्या सुती कापडावर लाटा, मधूनमधून उचलून उलटा आणि दिशा बदला. नंतर करवंटीच्या तुकड्याने दोन्ही बाजू दाबून सारख्या करा. तुकड्याची कड आधी पॉलिश पेपरवर घासलेली हवी. बाजारातल्या रबरी पट्टीपेक्षा करवंटी कुठेही कमी पडत नाही.

26 बाय 10 सेंटिमीटरची पट्टी, तळाला 9 सेंटिमीटरची चकती. पट्टीची दोन्ही टोकं तिरकी कापा, म्हणजे सांधा एकावर एक बसेल. मग फार मोठा दिसतोय म्हणून माप कमी करू नका. ओल्यापासून भाजेपर्यंत लांबी दहा टक्के घटली तर आतली जागा सत्तावीस टक्के घटते. ओला असताना काठोकाठ सव्वाचारशे मिलिलिटर धरणारा मग शेवटी तीनशेच्या थोडा वर उरतो.

पट्टी गोल करून सांधा, चकतीवर बसवा, जादा कड कापा. झालं.

कान

अंगठ्याएवढी जाड, 12 सेंटिमीटर लांब वळी करा, एका टोकाला निमुळती. तळव्याने हलकी चपटी करा, कानाच्या आकारात वाकवा आणि आडवी ठेवून द्या. ओढून काढलेला कान देखणा दिसतो, पण पहिल्या पाच मगांना त्याच्या वाटेला जाऊ नये.

आता घाई करायची नाही. ओला कान सुकत आलेल्या मगला लावला की तो निखळणारच. माती सुकते तशी आकसते. मगचं आकसणं निम्मं उरकलेलं असतं, कानाचं सुरूही झालेलं नसतं, त्यामुळे सांध्यावर ओढाताण होते. दोघांचा ओलावा सारखा हवा, बाकी सगळं त्यानंतर. वर्गात ज्याला लेदर हार्ड म्हणतात ती अवस्था नखाने ओळखा. नख रोवलं तर खूण उमटते, पण बोटाने दाबलं तर भिंत दबत नाही. सुरीने कड तासली की ओल्या खोबऱ्यासारखी कातळी निघते. मग या अवस्थेला आधी आला तर प्लास्टिकखाली झाका आणि कानाची वाट बघा. वाट बघायची नसेल तर दोन्ही एकाच डब्यात रात्रभर बंद ठेवा, सकाळी ओलावा बराचसा सारखा झालेला असतो.

दोन्ही जागांवर काट्याने आडव्याउभ्या रेघा ओढा, दोन मिलिमीटर खोल. वरवरच्या ओरखड्यांचा उपयोग नाही. स्लिप त्याच मातीची, घट्ट दह्याएवढी. पाण्याने सांधे चिकटवायला सांगणाऱ्याचं ऐकू नका. पाणी तेवढीच जागा फुगवतं, आणि सुकताना तीच जागा सगळ्यात जास्त आकसते. स्लिपमध्ये व्हिनेगरचे चार थेंब चालतात, पकड सुधारते. व्हिनेगर नाही म्हणून कोकमाचं आगळ घालू नका. त्यात मीठ असतं, आणि मीठ सुकताना पांढरं होऊन वर येतं.

आतून दोन बोटांचा आधार देऊन कान दाबा आणि किंचित डावी-उजवीकडे हलवत राहा. आधी तो सरकतो, मग एकदम सरकायचा थांबतो. ती पकड हाताला कळते. कळली नाही तर काढा आणि पुन्हा रेघा ओढा. सांध्याच्या खालच्या कोनात दोऱ्याएवढी वळी भरून लाकडी टोकाने बसवा. चीर पहिली इथेच पडते.

सुकवणं

कान मगपेक्षा बारीक, त्यात चारही बाजूंनी वारा लागतो. म्हणून तो आधी सुकतो, आधी आकसतो आणि ओल्या भिंतीला ओढतो. उपाय अगदी साधा. पातळ प्लास्टिकची पट्टी फक्त कानाला गुंडाळा. नंतर सगळा मग पिशवीखाली चोवीस तास ठेवा. दुसऱ्या दिवशी पिशवी सैल करा, कानाची पट्टी राहू द्या. तिसऱ्या दिवशी मग काठावर पालथा घाला, म्हणजे तळही सुकेल. खाली वर्तमानपत्र हवं. फळीला चिकटलेला तळ आकसू शकत नाही आणि मधोमध फाटतो.

समुद्राकडची खिडकी टाळा. दुपारचा खारा वारा एकाच अंगाला लागतो आणि गोल मग लंबगोल होतो. थंडीत मतलई वारा कोरडा असतो, तेव्हा पिशवी एक दिवस जास्त ठेवा. ऊन, पंखा, चूल, तिन्ही वर्ज्य.

पावसाळ्याचं गणित वेगळं. आषाढात मग तीन आठवडे फळीवर राहिला तरी पूर्ण कोरडा होत नाही, कारण हवेतच पाणी भरलेलं असतं. गालाला लावून थंड वाटला तर ओला, ही खूण उन्हाळ्यात ठीक आहे. पावसात स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या. दोन दिवस वजन तेच राहिलं तर मग हवेच्या बरोबरीला आला, एवढंच कळतं. उरलेला ओलावा भट्टीतच काढावा लागतो. म्हणून पावसाळ्यातल्या पहिल्या भाजणीत भट्टी 80 ते 90 अंशांवर चार-सहा तास थांबवायला शिक्षकांना आवर्जून सांगा. शंभराच्या वर गेलं की आतल्या पाण्याची वाफ होते आणि भांडं फुटतं ते त्या वाफेने. मातीतल्या हवेच्या बुडबुड्याला उगाच दोष देतात. कोरड्या मातीतला बुडबुडा काही करत नाही.

सुकलेल्या मगचा कान सुटलाच तर स्लिप लावून डागडुजी करू नका. कोरडी माती ओली जोड धरत नाही. मग मोडा आणि पाण्याच्या बादलीत टाका. खडखडीत कोरडी माती अर्धवट ओलीपेक्षा लवकर विरघळते, म्हणजे निदान माती तरी परत मिळते.

भाजणी आणि ग्लेझ

बिस्क, म्हणजे ग्लेझचा काचेसारखा लेप देण्याआधीची पहिली भाजणी, साधारण 950 ते 1000 अंशांवर. नंतरच्या भाजणीचं तापमान मातीला झेपतं का, ते विचारून घ्या. लाल टेराकोटा 1200 ला गेली की फुगते आणि वितळून भट्टीतल्या शेल्फला चिकटते. आंबट सोलकढी प्यायची असेल तर ग्लेझ खाण्यापिण्याच्या भांड्यांचंच हवं, शिशाचं अजिबात नको.

बिस्क झाल्यावर मग तळहातावर तोलून, बाजारात मडकं घेताना मारतो तशी टिचकी मारा. भद्द वाजला तर सांध्यात चीर आहे, त्याच्यावर ग्लेझ वाया घालवू नका. खणखणला तर ग्लेझमध्ये बुडवा, आणि भट्टीत ठेवण्याआधी तळ अन् त्यावरची तीन मिलिमीटर कड ओल्या स्पंजने पुसून घ्या.