दख्खनचे दंगे वर्गात कसे शिकवावेत

‘कारणे, घटना, परिणाम’ असे तीन कप्पे करून शिकवलेला इतिहास मुले पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. वर्षातून निदान एक धडा तरी एकाच प्रश्नाभोवती, दोन तासिका देऊन शिकवून पाहा. आठवी ते दहावीच्या वर्गासाठी १८७५ चे दख्खनचे दंगे मला यासाठी फार योग्य वाटतात.

१. आधी प्रश्न ठरवा

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात आसपासचे शेतकरी जमले. त्यांनी सावकारांकडे वह्या आणि कर्जरोखे मागितले, हाती लागले ते जाळले. धान्याची दुकानेही लुटली. एवढेच सांगा आणि फळ्यावर लिहा: ‘जाळायला कागदच का निवडले?’ उत्तर देण्याची घाई करू नका. नकाशात बारामती तालुक्यातले सुपे दाखवा. पारनेर तालुक्यातल्या सुप्याशी हमखास गल्लत होते.

२. कर्जरोखा लिहून घ्या

हा भाग उरकून टाकू नका. १८५९ च्या कायद्याने कर्जरोख्याची मुदत तीन वर्षे ठरवली. व्याज साचत जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. पण सावकार दर तीन वर्षांनी नवे खत, म्हणजे नवा कर्जरोखा, करून घ्यायचा आणि थकलेले व्याज मुद्दलात मिळवायचा.

मुलांच्या जोड्या पाडा: एक शेतकरी, एक सावकार. कर्ज १०० रुपये, व्याज दरमहा शेकडा २ रुपये (हा दर केवळ गणितापुरता). तीन वर्षांत व्याज झाले ७२, म्हणून नवे खत १७२ चे. त्यावर पुढच्या तीन वर्षांचे व्याज सुमारे १२४. आता खत २९६ चे! मधल्या काळात शेतकऱ्याने नवा पैसाही उचललेला नाही. ‘शेतकऱ्या’ने खत न वाचताच अंगठा उठवायचा, ही अट घाला. कागद गेला की कर्जाचा पुरावा गेला, हे मुले आपणहून बोलू लागतात.

३. कारणांच्या चिठ्ठ्या वाटा

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, तिथला कापूस ब्रिटनच्या गिरण्यांना मिळेना. इथल्या कापसाचे भाव चढले, सावकार सढळ हाताने कर्ज देऊ लागले. १८६५ मध्ये युद्ध संपले, पुढे भाव उतरले, कर्ज मिळणे अवघड झाले. त्यात सरकारने जमिनीची पुन्हा पाहणी केली, त्या फेरपाहणीत शेतसारा वाढला. एकेका चिठ्ठीवर एकेक गोष्ट लिहा. मुले तारखेनुसार चिठ्ठ्या लावून थांबतील. तेव्हा विचारा: कोणती चिठ्ठी काढली तर दंगा टळला असता? खरा वाद इथे रंगतो.

४. बोलतो कोण, ते पाहा

सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला. त्यात शेतसाऱ्याला नव्हे, सावकारांना दोष दिला होता. आयोग कोणी नेमला आणि सारा कोण वसूल करत होते, हे दोन प्रश्न शेजारी ठेवा.

इथे एक सांभाळा. बरेच सावकार मारवाडी आणि गुजराती होते. हे लपवू नये. पण त्या समाजांची मुले वर्गात असतात आणि चर्चा जातीवर घसरायला वेळ लागत नाही. बोलणे व्यवहाराच्या रीतीवर ठेवा. एका गटाला मुद्दाम सावकाराची बाजू द्या: साऱ्याचा हप्ता भरायला शेतकऱ्याला पैसा कोण पुरवत होते?

५. दहा ओळी लिहायला द्या

१८७९ च्या कायद्याने कर्ज मुळात कसे वाढले ते तपासण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला आणि कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे थांबले. प्रश्न द्या: हा कायदा आधीच असता तर सुप्यात वह्या जळाल्या असत्या का? ‘हो’ आणि ‘नाही’, दोन्ही उत्तरांना पूर्ण गुण मिळू शकतात. मात्र चिठ्ठ्यांतले किंवा अहवालातले दोन पुरावे दिलेले असावेत, ही अट आधीच सांगून ठेवा.